विश्लेषण : पावसात भिजलेला कॅमेरा वाचतो, मग कपाटातला का बिघडतो? लेन्सच्या बुरशीची कारणे आणि उपाय

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून गोव्याचा महामार्ग जिथे फुटतो, त्या पळस्पे फाट्यावर पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे गळ्यात कॅमेरा अडकवलेली माणसे हमखास दिसतात. कुणी कर्नाळ्याला तिबोटी खंड्याच्या शोधात निघालेले असते, कुणी प्रबळगडाच्या ढगांसाठी, कुणी पेणच्या गणपती कारखान्यांसाठी. सगळ्यांना धास्ती पावसाची असते. कॅमेऱ्याला प्लास्टिक, त्यावर छत्री, त्यावर सोबत्याचा रुमाल. मात्र गेली वीस-बावीस वर्षे याच परिसरात हौसेने फोटो काढताना माझे आणि ओळखीतल्यांचे जे नुकसान झाले, त्यातले थेट पावसाने झालेले फार थोडे आहे. बहुतेक लेन्स घरी, कपाटात, बॅगेत नीट गुंडाळून ठेवलेल्या असताना गेल्या. माझी ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स अशीच गेली. जूनमध्ये ठेवली, गणपतीत बाहेर काढली, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. तिची सफाई करायला लागलेल्या पैशांत तशीच जुनी लेन्स विकत मिळाली असती.

काचेवर बुरशी उगवते कशी?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. पाव, लोणचे, चामड्याची चप्पल यांवर जी बुरशी धरते, त्याच कुळातले हे जीव. लेन्सवर प्रामुख्याने अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या गटांतल्या बुरशी आढळतात. लेन्स तयार होतानाच काही बीजाणू आत असतात, काही झूम फिरवताना हवेबरोबर आत जातात. ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकतात. त्यांना जागे करायला दोनच गोष्टी लागतात, ओल आणि थोडे खाद्य.

काच हे खाद्य नव्हे. पण काचेवरचा बोटांचा तेलकटपणा, धुळीतले सेंद्रिय कण, आतल्या वंगणाची काचेवर बसलेली पातळ वाफ एवढे तिला पुरते. आमच्या रायगड पट्ट्यात आणखी एक खाद्य आहे, ते म्हणजे हळद. इकडच्या लग्नांत हळदीचा कार्यक्रम लग्नाइतकाच मोठा असतो आणि त्या रात्री मांडवात उडालेली पूड कॅमेऱ्याच्या प्रत्येक फटीत जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी कुणी ती ब्रशने झटकत बसत नाही.

ओलीचा हिशेब सापेक्ष आर्द्रतेवर चालतो. हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर सलग काही दिवस राहिली की बीजाणूंना तंतू फुटू लागतात. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते, रात्री त्याहून वर जाते. ज्या घरात डब्याबाहेर राहिलेला पापड तासाभरात सादळतो, त्या घरात लेन्सही सादळते. फरक इतकाच, की पापड भाजून पुन्हा कुरकुरीत होतो. लेन्सवरचे तंतू वाढताना सेंद्रिय आम्ले सोडतात. ती आधी काचेवरचे पातळ लेपन खातात आणि पुढे काचेलाच कायमचे चरे पाडतात. असे चरे सफाईने जात नाहीत.

हा त्रास आपल्यापुरताच नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात ऑस्ट्रेलियन सैन्याच्या दुर्बिणी आणि इतर भिंगयंत्रे आतून बुरशी धरून निकामी होऊ लागली. मेलबर्न विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने त्यावर संशोधन केले आणि पाऱ्याचे एक बुरशीनाशक संयुग यंत्रांच्या आत वापरण्याचा उपाय काढला. असले विषारी रसायन आज घरच्या लेन्समध्ये घालायचे नसते. पण तेव्हा मिळालेला धडा आजही तोच आहे. ओल हटवली की बुरशीची वाढ थांबते.

पावसात वापरलेली लेन्स वाचते आणि ठेवलेली का जाते?

वापरात असलेल्या लेन्सला हवा लागते, उजेड लागतो, ती पुसली जाते, झूम फिरते, आतली हवा बदलते. बुरशीला अंधार, स्थिर हवा आणि निवांतपणा आवडतो आणि कपाटातली कॅमेऱ्याची बॅग हे तिन्ही पुरवते. शिवाय बॅगेचा फोम, पट्टा, आतली मऊ फडकी ओल धरून ठेवतात. जूनमध्ये एकदा भिजलेल्या बॅगेचा फोम वरून कोरडा लागला तरी आतून आठवडेच्या आठवडे ओला राहू शकतो. आपण लेन्स जपून ठेवली असे समजतो आणि प्रत्यक्षात ती ओल्या स्पंजात गुंडाळून ठेवलेली असते.

यात सर्वाधिक फटका बसतो तो लग्नांचे फोटो काढणाऱ्यांना. त्यांचा हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत मुहूर्त नसतात. म्हणजे वर्षातले सर्वांत दमट महिने आणि कॅमेरे रिकामे पडण्याचे महिने नेमके एकच. पनवेल-उरण भागातल्या गावांत कर्ज काढून दोन बॉडी आणि चार लेन्स घेतलेली मुले आहेत. नोव्हेंबरमध्ये पहिल्याच लग्नाला बॅग उघडल्यावर बुरशी दिसली, तर त्या आठवड्याची सुपारी परत करावी लागते किंवा लेन्स भाड्याने आणावी लागते. हौशी माणसाचा हिरमोड होतो, यांचा हप्ता चुकतो.

बुरशी आहे की नुसती धूळ, हे कसे ओळखावे?

लेन्स बॉडीपासून काढावी, अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी तिच्या एका टोकाकडून थोडी तिरपी मारावी आणि दुसऱ्या टोकाने आत पाहावे. छिद्र पूर्ण उघडे असले पाहिजे. जुन्या लेन्समध्ये त्यासाठी कडे फिरवता येते किंवा मागची छोटी दांडी हलक्या हाताने सरकवता येते. सुटे चमकणारे ठिपके म्हणजे धूळ. प्रत्येक लेन्समध्ये ती असते, तिची चिंता करू नये. मध्यबिंदूपासून फांद्या फुटल्यासारखे, पिसासारखे किंवा जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी. सगळी काच एकसारखी धुरकट दिसत असेल तर बहुधा वंगणाची वाफ बसली आहे. कडेकडेने इंद्रधनुष्यी किंवा बुडबुड्यासारखा डाग असेल तर दोन भिंगे जोडणारा डिंक सुटतो आहे. धुरकटपणा अनेकदा साफ होतो, डिंक सुटलेली लेन्स मात्र दुरुस्त करणे सहसा परवडत नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. फोटोत आकाशात काळसर ठिपका दिसला की लोक ‘लेन्सला बुरशी’ म्हणून धावत सुटतात. लेन्समधली बुरशी फोटोत ठिपका म्हणून जवळजवळ कधीच दिसत नाही, कारण ती फोकसच्या फार बाहेर असते. असा ठिपका सेन्सरवरच्या धुळीचा असतो. खात्री करायची तर एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम अस्पष्ट फोटो काढावा, मग लेन्स बदलून दुसरा. ठिपका दोन्हीत त्याच जागी असेल आणि छिद्र मोठे केल्यावर विरघळत असेल, तर लेन्स निर्दोष आहे. सेन्सर साफ करायला रबरी फुग्याचा ब्लोअर पुरतो. कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवून सफाईच्या पर्यायाने शटर उघडावे आणि हवा मारावी. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचा शिंतोडा धुळीपेक्षा वाईट. दाबलेल्या वायूचे डबेही टाळावेत, त्यातून द्रव उडून सेन्सरवर डाग पडतो.

मग बुरशीचा परिणाम फोटोत दिसतो कुठे? उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत. सूर्य, दिवा, पांढरे आकाश समोर असले की बुरशीच्या तंतूंवर प्रकाश विखुरतो आणि सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येतो. काळा रंग राखाडी होतो. सूर्य पाठीमागे असताना तीच लेन्स उत्तम फोटो देते. त्यामुळेच हा रोग उशिरा लक्षात येतो. फोटो फिके येतात म्हणून लोक सेटिंग बदलत राहतात, मोबाइलवर कॉन्ट्रास्ट वाढवत राहतात आणि आत तंतू वाढत असतात.

साठवणीसाठी साधा डबा पुरतो की ड्राय कॅबिनेटच हवे?

ड्राय कॅबिनेट म्हणजे आर्द्रता ठरवून ठेवणारे विजेवरचे छोटे कपाट. तीन-चारपेक्षा जास्त लेन्स असतील, धंदा असेल, तर घ्यावे. एका लेन्सच्या सफाईच्या खर्चाशी त्याची किंमत ताडून पाहिली की निर्णय सोपा होतो. विजेचा खर्च नगण्य असतो. एक-दोन लेन्सवाल्या हौशी माणसाला मात्र स्वयंपाकघरातला झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरते. माझे काम गेली अनेक वर्षे त्यावरच चालले आहे.

किती सिलिका जेल लागते, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. ३० अंश तापमानाला दमटाने भरलेल्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी मावते. २० लिटरच्या डब्यातल्या हवेत, आर्द्रता ८५ टक्के धरली तरी, पाणी भरते अर्धा ग्रॅम. १०० ग्रॅम सिलिका जेल सहज १५-२० ग्रॅम पाणी पिऊ शकते. म्हणजे डब्यातली हवा कोरडी करणे हे काम अगदीच किरकोळ आहे. तरीही लोकांच्या डब्यात बुरशी येते, कारण झाकण गळके असते, डबा रोज उघडला जातो किंवा कॅमेरा बॅगेसकट आत ठेवलेला असतो. फोमने धरलेले पाणी हवेतल्या पाण्याच्या कितीतरी पट जास्त असते. डब्यात फक्त बॉडी आणि लेन्स ठेवाव्यात. बॅग, पट्टा, चामड्याचे कव्हर यांतले काहीही आत नको.

सिलिका जेल रंग बदलणारे घ्यावे. निळे दाणे ओल धरल्यावर गुलाबी होतात, पण त्यातले कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला बरे नाही. लहान मुले असलेल्या घरात नारिंगी दाणे बरे, ते ओल धरल्यावर हिरवट होतात. दमलेले दाणे ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये तापवले की पुन्हा ताजे होतात. ओव्हन नसेल तर जुन्या कढईत मंद आचेवर, ढवळत. ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही, हे घरात आधी सांगून ठेवावे. आमच्याकडे यावरून एकदा बरेच रामायण झाले आहे. फार तापवले तर नारिंगी दाण्यांचा रंगच जातो आणि मग ते ओले की कोरडे कळत नाही. गरम दाणे झाकणाच्या बरणीत थंड होऊ द्यावेत, उघडे ठेवले तर थंड होता होता ते खोलीतली ओल पिऊन बसतात. बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या पुड्यांचे तेच झालेले असते. आपल्या हाती येईपर्यंत त्या पोट भरलेल्या असतात. तांदळाचाही उपयोग नाही, उलट त्याचा कोंडा लेन्समध्ये जातो. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

डब्यात दोन-तीनशे रुपयांचा छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असला की झाले. ६० ओलांडले की दाणे बदलावेत. अति कोरडेही नको. दीर्घकाळ ३० टक्क्यांच्या खाली ठेवले तर रबर आणि वंगण सुकण्याचा संभव असतो.

जुन्या फोटोग्राफरांच्या कपाटात तळाशी एक छोटा पिवळा बल्ब रात्रंदिवस जळत असे. तो उपाय खरा होता. बल्बच्या उष्णतेने कपाटातली हवा आसपासच्या हवेपेक्षा तीन-चार अंश जास्त गरम राहते आणि गरम हवेची सापेक्ष आर्द्रता आपोआप उतरते. हल्ली काही जण त्याच भक्तिभावाने एलईडी दिवा लावतात. त्याने कपाटात उजेड पडतो, ऊब जवळजवळ येत नाही.

एसी गाडीतून उतरल्यावर लेन्स आंधळी का होते?

कर्नाळ्याच्या दारात दर पावसाळ्यात दिसणारे दृश्य आहे हे. गाडी थांबते, समोरच्या फांदीवर पक्षी, माणूस कॅमेरा उचलतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पांढरे धुके. पुसले की पुन्हा धुके. तोवर पक्षी गेलेला.

बाहेरची हवा २८ अंश आणि ९० टक्के दमट असेल, तर तिचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. एसीत तासभर राहिलेली लेन्स २२-२४ अंशांना असते. दवबिंदूपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर हवेतले पाणी जमते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमते तसे. काचेवरचे पुसता येते; आतल्या भिंगांवर आणि सर्किटवर जमलेले पुसता येत नाही आणि बुरशीला हवी असलेली ओल तिथेच मिळते. म्हणून मुंबई-नवी मुंबईकडून येणाऱ्यांना माझा सल्ला एकच असतो, पळस्पे फाट्याला एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि कॅमेऱ्याची बॅग बंदच ठेवा. पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत बॅगेतला कॅमेरा हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो. जड टेलिफोटो लेन्सना अर्धा तास लागतो. दमट हवेशी गाठ पडण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढून टाकली तर आणखी चांगले, मग पाणी पिशवीवर जमते. धुके आल्यावर लेन्स काढून ‘हवा लागू देणे’ ही सर्वांत मोठी चूक, त्याने सेन्सरवरही पाणी बसते.

कॅमेरा खरोखर भिजला तर?

‘वेदर सील्ड’ या शब्दावर फार विसंबू नये. मोबाइलवर आयपी ६८ असे प्रमाणित मानांकन असते, बहुतेक कॅमेऱ्यांना तसे कोणतेही मानांकन नसते. कंपनीचा शब्द एवढाच आधार. सील लेन्स आणि बॉडी दोन्हीला असेल तरच उपयोग. लांबी वाढणारी झूम प्रत्येक वेळी भात्यासारखी हवा ओढते आणि नळीवर साचलेले थेंब आत नेते. पावसात फोटो काढताना झूम मागे घेण्याआधी नळी पुसावी.

भिजल्यावर पहिले काम बॅटरी काढणे, दुसरे कार्ड काढणे. ‘चालतोय का’ म्हणून बटण दाबण्याचा मोह टाळावा, बहुतेक बोर्ड त्याच क्षणी जातात. टिपकागदासारखे फडके दाबून पाणी टिपावे, घासू नये. मग झाकणे उघडी ठेवून पंख्याखाली, आणि त्यानंतर एक-दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात. हेअर ड्रायर नको, गरम हवेने पाणी आणखी आत ढकलले जाते. उरण किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर खारे तुषार उडाले असतील तर आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, मीठ राहिले तर ते स्वतःच हवेतली ओल ओढत राहते.

बुरशी लागलीच तर सफाई करावी की लेन्स सोडून द्यावी?

सुरुवातीच्या टप्प्यातली बुरशी कुशल कारागीर लेन्स उघडून पूर्ण काढू शकतो. उशीर झाला तर लेपनावर खूण राहू शकते. लेन्स ‘उन्हात ठेवा, बुरशी मरते’ हा सल्ला सर्रास दिला जातो. उन्हाने काही तंतू मरतीलही, पण मेलेले जाळे काचेवर तसेच राहते. आणि उन्हात ठेवलेले भिंग म्हणजे कापूस पेटवायचे साधन, त्याने छिद्राच्या पात्या किंवा खालचा सोफा जळू शकतो. व्हिडीओ पाहून घरी लेन्स उघडण्याचा उद्योगही करू नये. भिंगांची मध्यरेषा केसभर हलली की लेन्स एका बाजूला कायमची अस्पष्ट होते.

कारागिराकडे देण्याआधी दोन फोटो काढावेत, एक बॅटरीच्या उजेडातला आतल्या काचेचा आणि एक खिडकीकडे तोंड करून काढलेला. लेन्स परत आल्यावर तेच दोन पुन्हा काढावेत. माझ्या झूम लेन्सच्या वेळी मी हे केले नव्हते. ती परत आली तेव्हा जाळे गेले होते, पण एका कडेला आधी नसलेला पुसल्याचा पट्टा होता, आणि तो आधीपासूनच होता असे दुकानदाराने सांगितले. माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. खर्च विचारताना अंदाज लेखी घ्यावा आणि तो त्याच मॉडेलच्या वापरलेल्या लेन्सच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर किट लेन्ससारख्या स्वस्त लेन्सवर पैसे घालवू नयेत.

वापरलेली लेन्स विकत घेतानाही बॅटरीची तपासणी दुकानातच करावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाजारात येणाऱ्या स्वस्त लेन्स जास्त बारकाईने पाहाव्यात, त्यांतल्या बऱ्याच पावसाळ्याने बाहेर काढलेल्या असतात.

एका लेन्सची बुरशी दुसरीला ‘लागते’ का, हा प्रश्न हमखास येतो. बीजाणू तर सगळीकडे आहेतच, त्यामुळे कोरड्या डब्यात शेजारी ठेवल्याने फारसे काही बिघडत नाही. तरी माझी ती झूम लेन्स मी लाल चिकटपट्टी लावून वेगळ्या बरणीत ठेवतो. कर्नाळ्याच्या दाट झाडीत, जिथे पांढरे आकाश चौकटीत येत नाही, तिथे ती अजूनही चांगले फोटो देते.